पाच आणि मी

गल्लीत तिला सगळे पुरवठामंत्री म्हणत. नाव ठेवलं होतं सासऱ्यांनी, थट्टेने, पण ते तिला इतकं चिकटलं की खालचा किराणावालाही "या मंत्रीणबाई" म्हणून पिशवी पुढे करायचा. घरात ती थोरली. थोरल्या मुलाची बायको म्हणून थोरली, आणि धाकट्या दिराचं लग्न होऊन घरात दुसरी सून आली तेव्हापासून तर फारच थोरली.

घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पहिल्या खोलीत सासरे आणि खिडकीपाशी नात, मधल्या खोलीचे पडदा लावून दोन भाग केलेले, आणि मागे स्वयंपाकघर. त्यात भिंतीला टेकवलेलं एक टेबल, त्याभोवती पाच खुर्च्या. सहावी कधी घेतली नाही, कारण सहावीची कधी गरजच पडली नाही असं सगळ्यांना वाटत होतं. नवरा छापखान्यात बांधणी विभागात होता. छापखान्याची कामं कमी झाली, तसा त्याचा पगारही आखडला. दीर बसच्या डेपोत मेकॅनिक. थोरली घरबसल्या शर्टांना काजं-बटणं करायची. खाणारी तोंडं तीच, बाजारातले भाव मात्र दर महिन्याला एक पायरी वर. या सगळ्यातून बावीस वर्षं तिने घर असं चालवलं होतं, की महिन्याच्या शेवटच्या दिवशीही कुणी उपाशी उठलं नाही आणि कुणाकडे वाटीभर साखर मागायला गेलं नाही. ही बढाई नव्हे. म्हणजे ती बढाई मारायची, पण ती खरी होती.

तिची एक पद्धत होती. सासऱ्यांनी आयुष्यभर गोदामात वजनकाट्यावर काम केलेलं, त्यामुळे घरात मापाला मान होता. एक तारखेला सामान आलं की थोरली तांदूळ आणि डाळ चार पत्र्याच्या डब्यांत वाटायची. डब्यांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे लाल रंगाने रंगवलेले. एक डबा, एक आठवडा. पहिल्याचं झाकण उघडलं की दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग पाहुणा येवो की आणखी कुणी. माप म्हणजे दांडी तुटलेला एक निळा कप. आणि सामानाची यादी लिहायची तीच, मागच्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानामागे, बोटभर उरलेल्या पेन्सिलीने. घर कुणाच्या हातात आहे हे त्या यादीवरून ठरायचं. नवरा काय, पगार आणून द्यायचा. राज्य पेन्सिलीचं होतं.

बाकीच्या युक्त्या बारीकसारीक. कांदा इतका बारीक चिरायचा की एकाचे दोन वाटावेत. बटाट्याची मोठी फोड नवऱ्याच्या ताटात वर दिसेल अशी ठेवायची, खाली रस्साच रस्सा. डाळ पातळ करायची आणि कढत वाढायची, म्हणजे माणूस फुंकर मारत बसतो आणि सावकाश जेवतो. ताटं घ्यायची ती लहान. आणि शेवटची युक्ती, जी कुणाला कधी सांगितली नाही, ती म्हणजे "मी मागून खाते." सगळ्यांची जेवणं झाली, टेबल पुसलं, की ती ओट्यापाशी उभी राहून पातेलं खरवडायची. कधी त्यात चार घास निघायचे, कधी दोन. वर पेलाभर पाणी. मग बटणांची पिशवी घेऊन बसायची.

आणि मग धाकटी आली.

धाकटी एका शिवणकारखान्यात कामाला होती. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. लग्नाला महिना झाला नाही तोच म्हणाली, "ताई, माझी दुपारपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी मी घरीच असते. त्या आठवड्याचा स्वयंपाक मी करत जाऊ का? तुमच्या डोळ्यांना जरा आराम. दिवसभर त्या काजांत डोळे घालून बसता."

नाही कसं म्हणणार? सासरे समोर बसलेले, दीर कौतुकाने बायकोकडे बघत असलेला. थोरली म्हणाली, "कर की. घर तुझंच आहे." हे वाक्य म्हणताना तिला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तिने धाकटीला डबे दाखवले. एक-दोन-तीन-चारचा कायदा समजावला, निळा कप हातात दिला. धाकटीने दुसरा डबा उघडून आत पाहिलं.

"ताई, डबे भरताना माणसं किती धरता?"

"पाच."

धाकटीने बोटं मोजली. सासरे, भावजी, हे, पुतणी, मी, ताई. "पण आपण तर सहा आहोत ना?"

"तेच ते. पाच आणि मी," थोरली म्हणाली आणि कप विसळायला नळाकडे वळली.

धाकटीचा तो पहिला आठवडा, म्हणजे महिन्यातला दुसरा, थोरलीने श्वास रोखून पाहिला. मनात म्हणत होती, बुधवारपर्यंत डबा तळ दाखवेल. शुक्रवारी ही माझ्याकडे येईल, तोंड एवढंसं करून. मग मी तिसऱ्या डब्यातून कपभर देईन, सगळ्यांच्या देखत, आणि एक शब्द बोलणार नाही. न बोलण्याची तिची तयारीही झाली होती.

बुधवारी डबा अर्धा भरलेला होता.

थोरली काजं करायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसली आणि बघू लागली. ही बया करते तरी काय? धाकटी डाळ शिजवण्याआधी कोरडीच भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत. मग तीच डाळ तेवढ्याच पाण्यात दाट लागायची. कोबीचा जो दांडा थोरली बावीस वर्षं कचऱ्यात टाकत आली होती, तो ती किसून पिठात घालायची आणि तव्यावर त्याची धिरडी टाकायची. भोपळ्याच्या साली बारीक चिरून लसणावर कुरकुरीत परतायची. बटाटे उकडलेलं पाणी ओतायची नाही, त्यात कणीक मळायची. शिळा पाव भिजवून, पिळून, त्यात कांदा आणि एकच अंडं घालून असं काही करायची की दीर तव्यापाशी येऊन उभा राहायचा. एक अंडं! थोरलीने ते स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं. सहा माणसांत एक अंडं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपल्याला अख्खं मिळालं.

आणि एवढं करून धाकटी सगळ्यांबरोबर जेवायला बसायची. इथे थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काटकसर कुणीही करेल, पण काटकसर करून वर पोटभर जेवायचं? पाचवी खुर्ची ओढून ती टेबलाच्या कोपऱ्याला बसायची, हसत हसत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, बोटं चाटायची. काटकसरीची काही शिस्त असते की नाही?

"ताई, तुम्हीपण बसा ना," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"मी मागून खाते."

तेव्हा धाकटीने एक ताट वाढून, त्यावर दुसरं ताट पालथं घालून ओट्यावर ठेवलं. रोज ठेवायला लागली. सगळे उठल्यावर थोरलीने ते उघडलं. भात होता, डाळ होती, कोबीच्या दांड्याचं धिरडं होतं. पातेल्याला लागलेलं नव्हे, वाढलेलं. तिने ओट्यापाशी उभं राहूनच खाल्लं. फार चांगलं झालं होतं. इतकं चांगलं, की तिला रडू येईल की राग येईल हे काही क्षण ठरेना. शेवटी रागच आला.

शनिवारी सासऱ्यांनी दुसरा डबा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "अरे वा! दोन दिवसांचं उरलंय." मग त्यांना थट्टा सुचली. म्हातारा तसा प्रेमळ, पण त्याच्या थट्टेला मागचापुढचा विचार नसे. "आता असं करू. दोन आठवडे राहिले. तिसरा डबा थोरलीचा, चौथा धाकटीचा. रविवारी दोन्ही उघडू. जिच्या डब्यात जास्त उरेल, तिने पुढच्या महिन्याची यादी लिहायची."

सगळे हसले. नवराही हसला. म्हणाला, "मंत्रीणबाई, खुर्ची सांभाळा."

थोरलीही हसली. त्या रात्री तिला झोप किती लागली कोण जाणे, पण पडद्यापलीकडे धाकटी शांत घोरत होती ते तिला सकाळपर्यंत ऐकू येत होतं. लोक यादीच्या गोष्टीला थट्टा समजत होते. तिच्याकडे दुसरं होतं काय? लोकांकडे पदक असतं, बढती असते, निवृत्तीला शाल मिळते. तिच्याकडे बोटभर पेन्सिल होती.

तिसरा आठवडा तिने जिवाचा आटापिटा केला. धाकटीचं पाहून डाळ भाजायला गेली, ती करपली. कोबीचा दांडा किसायचं तिच्या जिवावर आलं. किसला असता तर ती धाकटीची नक्कल ठरली असती. म्हणून तो तिने कचऱ्यात टाकला, आणि टाकताना हात अडखळला, तरी टाकलाच. शेवटी जुनीच वाट धरली. डाळ आणखी पातळ, कांदा आणखी बारीक, आणि धाकटी शनिवारपर्यंत सकाळपाळीला होती म्हणून पालथं ताटही कुणी ठेवलं नाही. मुलगी एकदा म्हणाली, "आई, डाळीत माझा चेहरा दिसतोय." थोरली म्हणाली, "मग केस विंचर." पण ते तिला लागलं. आठवड्याच्या शेवटी तिसऱ्या डब्यात चार बोटं तांदूळ उरले. चांगले उरले होते. पण धाकटीचे चौथ्यात पाच बोटं उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिने ते केलं.

सोमवारी दुपारी धाकटी कामाला गेली, सासरे वामकुक्षीला पडले, तेव्हा थोरलीने चौथ्या डब्याचं झाकण उघडलं. निळ्या कपाने एक कप तांदूळ काढले, दोन मुठी डाळ काढली आणि बटणांच्या पिशव्यांमागे एक जुना बिस्किटांचा डबा होता त्यात ओतली. स्वतःच्याच घरातलं, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. याला चोरी म्हणतात का? तिने स्वतःलाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काज करायला बसली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी दोन कप.

बुधवारी सकाळी धाकटीने डबा उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. कप भरला, परत थोडा डब्यात ओतला, पुन्हा भरला. "ताई, माझ्या हातून जास्त पडतंय वाटतं," ती हळूच म्हणाली.

"नव्या नवलाईचा हात सैलच असतो," थोरली दोरा दाताने तोडत म्हणाली. केवढं बरं वाटलं तिला! आठवडाभर काही खाल्लं नसतं तरी चाललं असतं, एवढं पोट भरलं त्या वाक्याने.

गुरुवारी रात्री धाकटी कामावरून आली, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः खुर्ची ओढली नाही. "मी कारखान्यातच खाऊन आले. एका मैत्रिणीने डबा जास्त आणला होता." ओट्यावर मात्र थोरलीचं ताट नेहमीसारखं पालथं घालून ठेवलेलं होतं.

थोरलीने ते पाहिलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला आनंद झाला. आता कळेल म्हटलं. आता कळेल काटकसर कशाशी खातात.

तेवढ्यात टेबलावरून मुलगी म्हणाली, "काकू, खोटं बोलू नकोस. तू जेवलेली नाहीस."

"जेवले गं."

"मग तुझे ओठ असे पांढरे का? ये इकडे." आणि तिने स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी मोडून काकूच्या हातावर ठेवली. "खा. माझ्यासमोर खा."

थोरली ओट्यापाशी उभी होती. सोळा वर्षांची मुलगी. सोळा वर्षं ही मुलगी याच टेबलावर जेवली, याच ओट्यापाशी तिची आई रोज रिकाम्या पातेल्यात चमचा फिरवत उभी राहिली, खरवडण्याचा आवाज सगळ्या घरात जायचा. पोरीने एकदा मान वळवून विचारलं नाही, आई, तुझं ताट कुठंय? आणि ही कालची आलेली, एक दिवस नुसती खोटं बोलली, तर हिच्या ओठांचा रंगही दिसला! थोरलीला धाकटीचा इतका हेवा वाटला, इतका, की तिचं सुग्रणपण, तिचं हसणं, तिची तरणी कंबर यांचा कधी वाटला नव्हता. जेवण नको, यादी नको. फक्त ती अर्धी पोळी तिला हवी होती.

शुक्रवारी दुपारी ती बटणं घ्यायला उठली तर स्वयंपाकघरातून आवाज आला. ओळखीचा आवाज. पत्र्यावर चमचा. धाकटी कामाला निघायच्या घाईत ओट्यापाशी उभी होती, पातेलं तिरकं धरून खरवडत होती, मग पावाच्या कडेने पुसून घेत होती. शेजारी थोरलीचं ताट, पालथं, झाकलेलं, वाफेने कडा ओल्या झालेलं.

धाकटी दचकली. मग हसली. "काही नाही, मी मागून खाते."

तिचंच वाक्य. तोच सूर, तेच ते हसणं, "विशेष काही नाही हो" म्हणणारं. थोरलीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. धाकटी पेलाभर पाणी प्यायली आणि जिना उतरून गेली.

कुणाला वाटेल, आता हिला पाझर फुटला असेल. फुटलाही थोडा. तिने बिस्किटांचा डबा पिशव्यांमागून काढला, चौथ्या डब्याचं झाकण उघडलं, परत ओतण्यासाठी हात तिरका केला. आणि तेव्हाच तिला आठवलं: खा, माझ्यासमोर खा. हात सरळ झाला. घरातली उपाशी बाई ती होती. बावीस वर्षं ती जागा तिने सांभाळली होती, कुणाची शाबासकी न घेता. तीसुद्धा आता हिला द्यायची? तिने चौथ्या डब्यातून आणखी एक कप काढला आणि मग ओट्यापाशी उभं राहून झाकलेलं ताट सगळं संपवलं. एक शीत ठेवलं नाही. चव मात्र कसलीच लागली नाही.

शनिवारी मुलीने शाळेतून येताना खाऊच्या सुट्टीतला अर्धा बनपाव कागदात गुंडाळून आणला. "काकूसाठी," म्हणाली आणि तो थोरलीच्याच हातात दिला, ठेव म्हणून. थोरलीने तो फडताळात ठेवला. दुपारभर ती त्या फडताळासमोरून उगीचच चार-पाचदा गेली.

रविवारी सकाळी सगळे टेबलाभोवती जमले. सासऱ्यांनी चष्मा पुसला, दोन्ही डबे समोर ठेवले. तिसरा उघडला, चार बोटं. चौथा उघडला. तळाला मूठभर तांदूळ होते, ते डबा हलवल्यावर कोपऱ्यात गोळा झाले. डाळ तर नव्हतीच.

"झालं तर!" नवरा टाळी वाजवत म्हणाला. "सरकार टिकलं. घ्या, पेन्सिल घ्या."

"माझाच हात सैल आहे," धाकटी खाली बघत म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता.

मुलगी मात्र गप्प बसेना. शाळेत गणितात बरी होती, तेच नडलं. "पण असं कसं? काकू तीन दिवस जेवलीच नाही. माणसं कमी, मग तांदूळ जास्त कसे संपले?"

दीर बायकोकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, पण सगळ्यांसमोर बायको हरली याने ओशाळला होता, आणि ओशाळलेला माणूस काहीही बोलतो. "खरं सांग. कारखान्यात कुणाला देतेस का? तुझी ती मैत्रीण, डबा आणणारी. तिलाच तर नाही ना भरून नेलंस?"

"अहो!" धाकटी एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"नाही, सांग ना. तांदळाला पाय तर फुटत नाहीत."

थोरलीच्या हातात पेन्सिल होती. एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. न बोलण्यात तर तिचा हातखंडा. यादी तिची, खुर्ची तिची, आणि धाकटी यापुढे जन्मभर नजर खाली घालून वावरली असती. हेच तर हवं होतं. पण धाकटीने डोळे पुसायला पदर वर केला आणि थोरलीला तिचे ओठ दिसले. खरंच पांढरे होते. मुलगी म्हणाली ते खोटं नव्हतं.

थोरली उठली. मधल्या खोलीत गेली, पिशव्या बाजूला केल्या आणि बिस्किटांचा डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण काढलं.

"हे घ्या तांदूळ. आणि डाळ. हिने कुणाला दिले नाहीत. मी काढले. रोज दुपारी."

नवऱ्याने डब्यात बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा डब्यात. धाकटी हळूहळू उभी राहिली. तिला राग आला होता, आणि राग आल्यावर ती फारच खरी दिसायची.

"ताई, तीन दिवस मी रिकाम्या पोटी मशीन चालवलं. काल चक्कर येऊन सुई बोटात गेली." तिने अंगठा पुढे केला. त्याला चिंधी बांधलेली होती. "तीन दिवस, ताई! तुमचं ताट मात्र मी रोज झाकून ठेवत होते."

"आणि मी बावीस वर्षं!"

हे थोरलीला म्हणायचं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं, मोठ्याने, फाटक्या आवाजात, आणि मग परत घेता येईना.

"काय बावीस वर्षं?" नवऱ्याने विचारलं. बिचाऱ्याला खरोखरच कळलं नव्हतं.

कळलं ते सासऱ्यांना. आयुष्यभर काट्यापाशी उभा राहिलेला माणूस, कुठे किती तूट आली ते ओळखणं हाच त्याचा धंदा. त्यांनी चष्मा काढला. "सूनबाई, डबे किती माणसांचे भरतेस तू?"

"पाच."

"आणि हिचं लग्न होण्याआधी?"

"चार."

सासऱ्यांनी बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती. ते बराच वेळ त्या लाल आकड्यांच्या डब्यांकडे बघत राहिले. "दुसऱ्यांची पोती मोजण्यात जन्म गेला," ते म्हणाले, "आणि घरात रोज एक माणूस कमी भरत होतं, ते दिसलं नाही." मुलगी आईकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की थोरलीलाच तो बघवेना. बावीस वर्षं हेच हवं होतं, कुणीतरी असं बघावं, आणि आता मिळालं तर तिला टेबलाखाली लपावंसं वाटलं.

सासऱ्यांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. हळूच घेतली, पण घेतली. आणि धाकटीपुढे ठेवली. "यादी तू लिही."

योग्यच होतं. पण पेन्सिल धाकटीच्या बोटांत गेली तेव्हा तिला तिथल्या तिथे ती हिसकावून घ्यावीशी वाटली, हेही खरं.

धाकटीने कॅलेंडरचं पान उलटं केलं, चिंधी बांधलेल्या अंगठ्याने सरळ केलं. तिचा राग गेला नव्हता. तो पुढे बरेच दिवस गेला नाही, आणि का जावा? वर न बघता तिने विचारलं, "किती माणसं धरायची, ताई?"

सगळे थोरलीकडे बघत होते.

"सहा," ती म्हणाली.

धाकटीने पानाच्या डोक्यावर सहा लिहिला. अक्षरही मेलीचं मोत्यासारखं होतं.

त्या दुपारी बिस्किटांच्या डब्यातलेच तांदूळ शिजले. मुलीने मधल्या खोलीतून बटणांच्या कामाचं स्टूल आणलं, टेबलाला लावलं आणि आईला खांदे धरून त्यावर बसवलं. थोरलीला बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळेना. नवऱ्याने मीठ मागितलं तशी ती उठायला गेली, तर मुलगी म्हणाली, "बाबा, मीठ तुमच्या हाताशी आहे." धाकटीने वाढायला सुरुवात केली. पहिलं ताट थोरलीचं वाढलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

डाळ भाजलेली होती, दाट होती. थोरलीने पहिला घास घेतला. चांगली झाली होती, नेहमीसारखी. ते तिला अजूनही आवडलं नाही. ताट रिकामं झालं, तेव्हा तिने ते पुढे केलं आणि आणखी डाळ मागून घेतली.